खोलीत उजेड नाही म्हणे!

३ फेब्रुवारी

आज जेवताना सुनेनं विषय काढला. म्हणाली, “आई, शिवणाची खोली पुन्हा व्हरांडा करून टाकली तर? पुढची भिंत काढली की छान उजेड येईल.” भाजी वाढता वाढता म्हणाली, मीठ हवं का विचारावं इतक्या सहज.

माझा घास तोंडातच राहिला. ती भिंत घातली तेव्हा ही बाई या घरात नव्हती. तेव्हा तिथे उघडा व्हरांडा होता आणि हे त्यात खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. मी आतल्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या बोळकांडीत पायमशीन घालून शिवायचे. लोकांच्या पँटी कमी करून, विरलेल्या कॉलरी उलटवून, शाळेचे गणवेश शिवून मी गवंड्याला बोलावलं आणि व्हरांडा बंद करून घेतला. दाराला कडी. खिडकी एकच, तीही उंचावर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आत डोकावता येऊ नये. या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एक जागा. आणि ती मोडायची म्हणे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मुलगा म्हणाला, “अगं, नुसतं सुचवलंय तिनं.” सुचवायला काय जातं? हिनं सुचवायचं, त्यानं मान डोलवायची आणि आम्ही मशीन डोक्यावर घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. यांच्याकडे बघितलं, तर हे पातेल्यात बघत होते. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणाले. सबंध संसारात यांनी एवढं एकच वाक्य पाठ केलंय.

रागानं अक्षर वेडंवाकडं येतंय. त्यात या वहीच्या रेघा इतक्या पुसट छापल्यात की असून नसल्यासारख्या. कागदात काटकसर समजू शकते, पण रेघांतही?

५ फेब्रुवारी

सुया बनवणाऱ्यांना कुणीतरी जाब विचारायला हवा. नवं पाकीट आणलं. एकेका सुईचं भोक असं, की मुंगीलाही अंग चोरून जावं लागेल. पूर्वी मी ग्राहकाशी बोलता बोलता, न बघता दोरा ओवायचे.

आणि आमच्या सूनबाईंचं नवीन नाटक. रोज सकाळी माझ्या सुयांच्या उशीत दोरा ओवलेल्या सुया टोचून ठेवते. पांढरा, काळा, निळा, तपकिरी, ओळीनं. मी सांगितलं होतं का? दुसऱ्याच्या हत्याराला हात लावू नये एवढं साधं वळण नाही. वापरल्या मी त्या सुया, नाही असं नाही. ओवलेला दोरा काढून टाकण्याइतकी मी उधळी नाही.

स्वतःला येतं काय हिला? लग्न होऊन आली तेव्हा मी हौसेनं शिकवायला बसले होते. डावरी आहे ती. तुरपाई घातली की टाके उलट्या बाजूला कलतात. मी दाखवते, ती घालते, टाके पुन्हा उलटे. वर म्हणाली, “आई, सुई जाड आहे का?” नाचता येईना अंगण वाकडं! तेव्हाच मी हात टेकले. माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक कपड्याची तुरपाई एकाच बाजूला कललेली असते, ती माझी सही आहे. तिथे असलं काही चालत नाही.

९ फेब्रुवारी

कोटवाली आली होती. गेली कित्येक वर्षं ही बाई दर थंडीत एक कोट घेऊन येते, कधी लांब करायला, कधी आखूड, म्हणून मी तिला कोटवालीच म्हणते. यंदा गडद निळा आहे. अस्तर सुटलंय आणि खालची दुमड नव्यानं घालायची आहे. तिला नोकरीत बढती मिळतेय, त्या दिवशी घालायचाय. “मावशी, तुमच्याशिवाय कुणाच्या हातात मी हा देणार नाही,” म्हणाली. दार उघडंच होतं, म्हणजे ते आत सगळ्यांना ऐकू गेलं असेल. बरं झालं.

संध्याकाळी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. तो असा बसला की काहीतरी मागायचं असतं. या वेळी द्यायला आला होता, सल्ला. “आई, आता थोडा आराम कर. आणि एकदा डोळे दाखवून ये ना.”

आराम! माणूस म्हणजे काय कपाटावर ठेवलेली जुनी सुटकेस आहे? माझा चष्मा चांगला आहे, काचेला कुठे चरासुद्धा पडलेला नाही. मी सगळं ओळखून आहे. हे सगळं ठरवून चाललंय. एकीनं उजेडाचं बोलायचं, दुसऱ्यानं डोळ्यांचं, आणि मग मशीन विकून तिथे वेताच्या खुर्च्या मांडायच्या. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सरळ सांगा ना, म्हातारीचा धंदा बंद करायचाय म्हणून.

१२ फेब्रुवारी

शेजारीण, जिला सगळी गल्ली बातमीपत्र म्हणते, तिला शिष्टपणा सुचलाय. सकाळी कोपऱ्यावर दिसली. मी हात केला, हाक मारली, हसले. बाई ढिम्म. सरळ तोंड फिरवून निघून गेली. बहुतेक हिच्याही कानावर आमच्या घरचं गेलेलं दिसतं.

१५ फेब्रुवारी

बातमीपत्राला आज फाटकातच गाठलं आणि विचारलं, त्या दिवशी ओळख का दाखवली नाही. तर म्हणे, ती आठवडाभर बहिणीकडे गेली होती, कालच परतली. धडधडीत खोटं! आणि ते सांगताना माझ्याकडे असं बघत होती, की मीच काहीतरी केलंय. चोराच्या उलट्या बोंबा.

हेही हल्ली विचित्र वागतात. पेपर मोठमोठ्यानं वाचतात. इतकी वर्षं मनातल्या मनात वाचायचे, मी काही विचारलं तर “वाचू दे गं” म्हणायचे. आता पहिल्या पानापासून खेळाच्या पानापर्यंत मला ऐकवतात. मी बहिरी झालेय का?

१८ फेब्रुवारी

कोट गेला. परवा पूर्ण केला होता. कोटवाली आज घेऊन गेली आणि घालून आरशासमोर गोल फिरली. दुमडीवरून हात फिरवत म्हणाली, “मावशी, हात आहे की जादू? दोरा कुठे दिसतच नाही.”

जेवताना मी हे अक्षरशः जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम दोनदा. सून खाली मान घालून पोळी वाढत राहिली. मुलाला ठसका लागला. यांनी उगीचच पाणी मागितलं. कुणाला एका शब्दानं छान म्हणवेना! एवढा मत्सर बरा नाही.

२१ फेब्रुवारी

काय लिहू आणि कसं लिहू? तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

दुपारी कोटवाली पुन्हा आली. कोटाचं एक बटण सैल होतं. म्हणाली, आत्ता लावून द्या, मी थांबते. मी कोट मांडीवर घेतला. बटण घट्ट करताना सवयीनं दुमडीवरून नख फिरवलं. माझ्या तुरपाईवर उजवीकडून डावीकडे नख फिरवलं की ते घसरत जातं, कुठे अडत नाही. आज अडलं. पुन्हा फिरवलं. टाक्याटाक्याला अडलं. मग उलट बाजूनं फिरवलं, तर सरळ घसरत गेलं.

टाके उलटे कललेले होते.

कोटवाली समोर बसली होती. बटण लावलं, कोट दिला, हसून निरोप दिला, दाराला कडी लावली आणि स्वयंपाकघरात गेले.

“कोट तू उसवलास?”

सुनेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. नाही म्हणाली नाही.

“माझं काम उसवलंस? मला न विचारता?”

“आई, दोरा तपकिरी होता.”

“निळा होता! मी स्वतः उशीतून निळा घेतला.”

“तपकिरी होता, आई. आणि अर्धी दुमड अस्तरालाच शिवली गेली होती. तुम्ही दुपारी पडला होतात, तेव्हा मी बसून केलं. वाटलं, उगाच तुम्हाला कुणी काही बोलायला नको.”

“हे एकदाच की आणखीही?”

तिनं खाली ठेवलेलं भांडं पुन्हा उचललं.

“मी विचारतेय, कधीपासून?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून. सगळे नाही. काहीच.”

हे दारात उभे होते. मी यांच्याकडे वळले. “तुम्हाला ठाऊक होतं?” तर खाली बघत म्हणाले, “मला वाटलं, तुझं तुला कळेल.” मुलालाही ठाऊक होतं. सगळं घर मूग गिळून बसलं होतं आणि मी मात्र जेवताना स्वतःची स्तुती दोनदा वाढून घेत होते. पोरासोरांच्या खेळात एखाद्याला कच्चं लिंबू करतात, सगळे मिळून त्याला आउट झाला असं सांगतच नाहीत, तसं मला या लोकांनी केलं.

अपमान कुणी तोंडावर केला तर उलटून बोलता तरी येतं. हा तर माझ्या पाठीमागे तुरपून टाकलेला.

२२ फेब्रुवारी

कुणाशी बोलले नाही. सकाळी उशीत सुया टोचलेल्या नव्हत्या. तेही खटकलंच.

२४ फेब्रुवारी

सापडलं! दोष कुणाचा ते सापडलं.

आज दुपारी हाती आलेलं सगळं काम आणि दोऱ्यांचा डबा घेऊन मी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. चांगलं कडक ऊन होतं. एकेक रीळ उचलून बघितलं. तपकिरी तपकिरी दिसलं, निळं निळं दिसलं. खोलीत आणून पाहिलं तर दोन्ही काळी. पुन्हा बाहेर नेली. पुन्हा वेगळी. म्हणजे खोलीच अशी आहे! इतकी वर्षं मी एका भुयारात बसून शिवतेय आणि नाव माझ्या डोळ्यांचं. वीतभर खिडकी, तीसुद्धा उंचावर, उन्हाची तिरीप येते ती छताला. कोण शिवू शकेल अशा ठिकाणी?

चहाच्या वेळी जाहीर केलं. “भिंत पाडायची. उद्याच गवंड्याला बोलवा.”

वाटलं होतं, सूनबाई खूश होतील, त्यांचंच तर म्हणणं. तर चेहरा पडला तिचा. “पाडूया आई. पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मग सावकाश पाडू.”

बघा आता! मी नको म्हणत होते तेव्हा भिंत पाडा. मी पाडा म्हटलं तर डॉक्टर. हिच्या मनाचा ठाव लागायला पाणबुड्या हवा. तिला स्पष्ट सांगितलं, “तूच म्हणालीस ना, उजेड येईल?”

“हो, तेव्हा मला तसं वाटलं होतं,” ती हळूच म्हणाली.

“मग आता काय वाटतं?”

ती कपबश्या गोळा करायला लागली. हे मात्र, नवल म्हणजे, तुमचं तुम्ही बघा म्हणाले नाहीत. उठून आतून जुनी खुर्ची काढली आणि फडक्यानं पुसायला लागले.

१ मार्च

भिंत पडली.

गवंडी तोच, ज्यानं ती घातली होती. आता त्याच्या मिश्या पिकल्यात. आल्या आल्या मी त्याला धारेवर धरलं. “एवढीशी खिडकी ठेवताना हात कसा धजला तुझा? माणसानं आत शिवायचं कसं याचा विचार नको का करायला?”

“मावशी, मी मोठी खिडकी काढून दाखवली होती. तुम्हीच म्हणालात, लोकांची नजर नको, आणखी वर घे, आणखी लहान कर.”

“मी म्हणाले म्हणून तू ऐकायचंस?”

“तेव्हा तुमच्यापुढे कोण बोलणार? आणि अडलं कुठे? तुम्ही त्या खोलीत एवढी वर्षं शिवलंतच की.”

हे त्याचं वाक्य दिवसभर डोक्यात घुमत राहिलं. खिडकी तेव्हाही एवढीच होती. पण तेव्हा आकाश जास्त उजळ असेल, समोर ते उंच घर नव्हतं. असंच काहीतरी असणार.

भिंत जाताना सगळ्या घरात पांढरी धूळ झाली. मशीनवर जुनी चादर घातली होती. एकेक वीट मी मिळवली होती. शेवटचा तुकडा पडला आणि रस्ता थेट घरात आला. हे राडारोडा उचलण्याचीही वाट बघेनात. विटांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “अगं, समोरच्यांनी फाटक बदललंय की!” कधीच बदललंय, म्हटलं, तुम्हीच आत होतात. इतकी वर्षं पलंग-कपाटामधल्या बोळकांडीत बसून यांनी पेपर वाचला आणि एकदाही कुरकुर केली नाही, हे आज लक्षात आलं. तोंडानं सांगायला काय झालं होतं?

३ मार्च

मशीन तिच्याच जागी ठेवून घेतली. भिंत नसली म्हणून जागा बदलत नाही, हे सगळ्यांना बजावलं.

सकाळी लवकर बसले. ऊन सरळ मशीनच्या पाट्यावर येत होतं. उजेडाला नाव ठेवायला जागा नव्हती. सून दारापाशी धान्य निवडत होती, मुलगा उगीच बूट पुसत होता, हे पेपर धरून बसले होते, पण आज वाचत नव्हते. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. इतकं न बघणं मी जन्मात पाहिलं नाही.

पाकिटातली कोरी सुई घेतली. दोरा तिरका कापला, ओठात ओला केला, पिळला. सुई उन्हात धरली आणि ओवला. गेला नाही. पुन्हा ओवला. सुई लांब धरली, जवळ धरली, चष्मा वर केला, चष्मा काढला. सुईला भोकच दिसेना. जाड सुई घेतली. तीही तशीच. मग पांढरा दोरा टाकून काळा घेतला. हातांना घाम आला, म्हणून ते पदराला पुसले आणि पुन्हा सुई उचलली.

फाटकाशी कुणीतरी उभं राहिलं. मी हसले. माणूस आहे एवढं कळत होतं, चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग. भर उन्हात.

पूर्वी ज्यांना दोष दिला ते सगळे एकेक करून आठवले. वहीच्या रेघा, सुया, बातमीपत्र, खोली, गवंडी, समोरचं उंच घर. आता दोष द्यायला भिंतसुद्धा उरली नव्हती. मला भीती वाटली. रागाच्या खाली ती किती दिवस बसून होती कोण जाणे.

“मावशी, अहो, किती छान उघडं केलंत!” फाटकातला डाग बोलला, तेव्हा कळलं, ती कोटवाली. तिला बढती मिळाली होती, पेढे नाहीत पण तोंडभर बातमी घेऊन आली होती. कोटाचं फार कौतुक झालं म्हणे. “आता माझ्या बहिणीचाही कोट आणते. पण तुमच्याच हातचा हवा हं.”

धान्य निवडण्याचा आवाज थांबला.

“कोट माझ्या हातचा नव्हता,” मी म्हणाले. आवाज मोठाच निघाला, रस्त्यापर्यंत गेला असेल. “मी बिघडवला होता. तो सुनेनं उसवून शिवला. बहिणीचा आणायचा तर तिला विचार.”

सून म्हणाली, “आई, असू दे ना.”

“का असू दे? चोरून करता येतं आणि उघड सांगता येत नाही?” मी तिच्यावर खेकसले. मग सुई तिच्यापुढे धरली. “ही ओव आधी.”

तिनं सुई डाव्या हातात घेतली आणि दोरा घातला. एकदाच. मला त्या हाताचा इतका राग आला, आणि तोच धरून मी आत गेले. आत गेल्यावर म्हटलं, “डॉक्टरकडे कधी जायचं ते ठरव. मला विचारू नकोस, नाहीतर मी नाही म्हणेन.”

१७ मार्च

आजचं सून लिहितेय. मी सांगतेय, ती लिहितेय. डोळ्यावर पट्टी आहे.

डॉक्टरांनी आधी मलाच झापलं. इतके दिवस काय करत होतात म्हणाले. मी म्हटलं, भिंत पाडत होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला. उजव्याची आतली नस वाळली आहे. तिथलं गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. कातरकाम जमेल, मशीनवर टीप मारता येईल, बारीक हातकाम मात्र नाही. म्हणजे माझी तुरपाई संपली. मला अजून हे खरं वाटत नाही. राग आला आहे आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून सध्या जो समोर येईल त्याच्यावर काढते. यांच्यावर जास्त.

सुनेला बजावलं होतं, मागची पानं उलटायची नाहीत, ती माझी खासगी आहेत. तर म्हणाली, “उलटली, आई. तारीख कुठवर आली ते बघायला. पण वाचता येत नाहीत. ओळींवर ओळी चढल्यात.”

हेही लिही म्हटलं.

म्हणजे तिच्याविरुद्ध एवढं मनापासून लिहिलं, ते सगळं वाया! मग आता नीट लिहून ठेव, म्हटलं, वाचता येईल असं. लिही, सून कानामागून आली आणि तिखट झाली. तिनं लिहिलं. दुसऱ्याच्या हत्याराला विचारल्याशिवाय हात लावते. तेही लिहिलं. उद्यापासून सकाळी सुया ओवून ठेवत जा, हे तिला सांगायचं आहे. कोटवालीच्या बहिणीचा कोट तिनं व्हरांड्यात बसून करायचा, उजेडात, सगळ्यांदेखत. तुरपाई ती उलटी घालते. उलटीच घालू दे. मी नख फिरवून पाहिली आहे, एक टाका सैल नाही.

ती थांबली. कागदावरचा आवाज बंद झाला. म्हटलं, काय झालं, पेन संपलं का?

“नाही, आई.”

मग लिही ना, म्हटलं.